भागानगरचे घास आणि घोट

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले येतात, घुमट येतात, शिलालेख येतात. आम्ही शिक्षक मंडळीही सहल काढतो ती बीदरच्या किल्ल्याला किंवा गुलबर्ग्याच्या जामा मशिदीला. पण माणूस दगड खाऊन जगत नाही. तो भाकरी खातो, चहा पितो, दमला की कुठेतरी बसतो आणि कधी कधी शिंदीच्या दुकानाकडेही वळतो. या साध्या गोष्टींचा इतिहास कुणी दगडावर कोरून ठेवलेला नाही. तो रस्त्यावर, कढईत आणि लोकांच्या जिभेवर असतो, आणि तो वाचायचा तर पायी चालावे लागते.

असा पायी वाचण्याजोगा इतिहास आपल्या बीदर-गुलबर्गा भागाला सर्वांत जवळचा कुठे असेल, तर तो हैदराबादेत. आपल्या बखरींनी या शहराला भागानगर म्हटले. १६७७ साली शिवाजी महाराज कुतुबशहाच्या भेटीला आले ते याच भागानगरात. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत ती आपली राजधानी होती. कोर्टकचेरी, कॉलेज, दवाखाना, लग्नाचा बस्ता अशा प्रत्येक कामासाठी आपले आजे-पणजे तिथे जात. १८७४ मध्ये वाडीहून सिकंदराबादेपर्यंत रेल्वे सुरू झाली आणि गुलबर्ग्याच्या माणसाला ही वाट आणखी सोपी झाली. आज बीदरहून बेंगळुरू सुमारे सातशे किलोमीटर आहे आणि हैदराबाद दीडशेच्या आत. नकाशा कोणताही असो, पायांना जवळचे काय ते कळते.

गेली काही वर्षे सुट्टी पडली की मी वही घेऊन हे शहर पायी हिंडतो. सोबत तिथेच राहणारे एक जुने वर्गमित्र असतात. आमच्या घरी मांसाहार नाही आणि मद्याला मी शिवत नाही. त्यामुळे माझा काही शोध जिभेने झाला, काही डोळ्यांनी, आणि बाकीचा मित्राच्या जिभेवर विश्वास ठेवून.

सुरुवात चारमिनारपासून करावी. महंमद कुली कुतुबशहाने १५९१ मध्ये, हिजरी सनाचे हजारावे वर्ष लागताना, ही वास्तू उभारली आणि तिच्याभोवती शहर वसवले. सकाळी सात वाजता इथल्या गल्ल्यांत दोन पातेल्यांतून वाफ येत असते. एक नहारीचे, दुसरे खिचडीचे. नहारी म्हणजे रात्रभर मंद आचेवर शिजवलेला मांसाचा रस्सा. हा शब्द ऐकताच मराठी माणसाचे कान टवकारावेत, कारण आपली ‘न्याहारी’ त्याच फारसी मुळातून आली आहे. आपल्याकडे शेतावर जाणारी न्याहारी भाकरी-चटणीची आणि इथली मांसाची, पण वेळ तीच आणि शब्दही तोच.

खिचडीची गोष्ट तर थेट आपल्या गावात नेते. मसुरीची पिवळी खिचडी, सोबत खिमा आणि चिंच-तिळाचा आंबट ‘खट्टा’, ही इथल्या मुसलमान घरांची नेहमीची न्याहारी. खिमा वगळून मी ती खाल्ली आणि मला अफनासी निकितिन आठवला. हा रशियन व्यापारी घोडा विकण्यासाठी पंधराव्या शतकाच्या सत्तरीत बीदरला पोचला. तेव्हा हैदराबाद शहर जन्मालाही आले नव्हते. बीदर ही बहमनींची राजधानी होती आणि महमूद गावानाचा मदरसा नुकताच उभा राहत होता. निकितिनने आपल्या प्रवासवृत्तात हिंदू लोक भात आणि लोणी घातलेली खिचडी खातात असे नोंदवले आहे. वाटेत जुन्नरला त्याने घोड्यांनाही साखर-लोणी घालून शिजवलेली खिचडी चारताना पाहिले. चवीला मिरची अर्थातच नव्हती. ती नंतर पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली. बहमनी राज्य फुटले, गोवळकोंडा वर आला, पुढे मोगल आणि निजाम आले. राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला आणि कालांतराने दख्खनची सत्ता भागानगरला सरकली. खिचडी मात्र प्रत्येक राजाच्या मागे चालत राहिली.

चारमिनारहून पुरानी हवेलीकडे वळले की चौकोनी नानांची भट्टी लागते. हे दुकान १८५१ चे, निजामाच्या कचेरीतल्या एका मुन्शीने काढलेले, असे सांगतात. भट्टीच्या आतल्या भिंतीला चिकटवून भाजलेले हे नान शेकड्यांनी विकले जातात. शेजारच्या गल्लीत लुखमी मिळते. ‘लुक्मा’ म्हणजे घास. समोशासारखीच, पण चौकोनी आणि चपटी. इथे तिच्यात खिमा भरतात, म्हणून मी ती पाहूनच पुढे गेलो.

रमजानच्या महिन्यात याच रस्त्यांवर विटामातीच्या भट्ट्या उभ्या राहतात आणि त्यांत हलीम घोटले जाते. गहू, मांस, डाळी आणि तूप तासन् तास शिजवायचे आणि लाकडी घोटण्यांनी एकजीव करायचे. दोघे दोघे गडी घामाघूम होऊन हे काम करतात. मुळात हा अरबांचा ‘हरीस’. येमेनमधल्या हद्रमौत प्रांतातून अरब शिपाई निजामाच्या फौजेत आले. त्यांच्या छावणीच्या जागेला ‘बॅरक्स’वरून बारकस नाव पडले. आपल्या भागात आणि मराठवाड्यात चाऊस आडनावाची जी कुटुंबे आहेत, तीही याच अरबांची. एके काळी अरबांच्या सावकारी वसुलीचा आपल्या खेड्यांना धाक होता. त्यांच्याच पातेल्यातला पदार्थ पुढे शहराचा मानबिंदू झाला आणि २०१० मध्ये हैदराबादी हलीमला भौगोलिक मानांकन मिळाले. भाडोत्री शिपाई म्हणून आलेला माणूस तिसऱ्या पिढीत गावकरी होतो, हे पाठ्यपुस्तकात दोन ओळींत येते. इथे ते भट्टीवर शिजताना दिसते.

पत्थरगट्टीवरून मदिना चौकात येईपर्यंत पाय दुखू लागतात आणि इराणी हॉटेल समोर येते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणातून माणसे मुंबई-पुण्याच्या वाटेने इकडे आली आणि त्यांनी चौकाचौकांत हॉटेले थाटली. इराणी चहा दोन भांड्यांचा असतो. एकात झाकण लावून दमावर ठेवलेला कोरा काढा, दुसऱ्यात आटवलेले दूध. कपात आधी एक, मग दुसरे. दूध जास्त हवे असेल तर ‘पौना’ मागायचा. सोबत उस्मानिया बिस्किट, थोडे गोड आणि थोडे खारट. त्याला शेवटच्या निजामाचे नाव आहे. निजाम गेला, बिस्किट राहिले.

या हॉटेलांचे महत्त्व चहापुरते नाही. जुन्या समाजात कोण कुणाच्या हातचे पाणी पितो याचे कडक नियम होते. संगमरवरी टेबलाभोवती वकील, हमाल, शायर, विद्यार्थी एकाच प्रकारच्या कपातून चहा पिऊ लागले, ही लहान गोष्ट नव्हती. आबिद रोडवरचे ओरिएंट हॉटेल तर मखदूम मोहिउद्दीनसारख्या कवींचा अड्डा होते. आज ते नाही. जागेचे भाव चढले तशी अशी कित्येक हॉटेले बंद झाली आणि त्या कोपऱ्यांवर औषधांची, मोबाइलची दुकाने आली.

इथे बसले की एक गोष्ट कानावर पडते, आणि माझ्या सगळ्या वह्यांत मला तीच मोलाची वाटते. टेबलावरचा पोरगा विचारतो, ‘‘और एक चाय?’’ गिऱ्हाईक म्हणते, ‘‘नक्को.’’ हा नक्को आपला ‘नको’ आहे. पोरगा सांगतो, ‘‘बिस्किट अब्बीच आए.’’ हा ‘च’ही आपलाच. उत्तरेच्या उर्दूत तो नाही. दख्खनीने तो मराठीकडून घेतला, तोही सहा-सात शतकांच्या शेजारातून. कुणा साहित्य संमेलनाने ठराव केला नव्हता, कुणा सरकारने हुकूम काढला नव्हता. बाजारात भाजी घेताना, घोड्याला वैरण मागताना, शेजारणीशी बोलताना हे अक्षर एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेले. आज ज्याला मराठीचे एक वाक्य येत नाही, असा चारमिनारजवळचा बांगडीवाला दिवसातून शंभर वेळा मराठी ‘च’ बोलतो.

नयापूल ओलांडून मुसीच्या पलीकडे जावे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी याच नदीने हजारो माणसे गिळली. त्यानंतर पूरनियंत्रणासाठी विश्वेश्वरय्यांना बोलावले गेले आणि वरच्या अंगाला उस्मानसागर बांधला गेला. अफझलगंजवरून कोठीला आलो की शहराची चव बदलते. कोठी म्हणजे ब्रिटिश रेसिडेंटची कोठी. तिच्याभोवतीच्या बाजारात निजामाचा अंमल नव्हता, म्हणून व्यापारी, वकील, सुधारक इथे वस्तीला आले. हा भाग पुढे निजामाकडे परत गेला आणि त्याला सुलतान बाजार नाव पडले. मराठी माणसाचे हैदराबाद ते हेच. गुलबर्ग्यात वकिली केलेले केशवराव कोरटकर इथे आले आणि विवेकवर्धिनी शाळेच्या उभारणीत पुढे राहिले. इसामिया बाजारातले मराठी ग्रंथ संग्रहालय शंभर वर्षांचे झाले. १९३१ चे मराठी साहित्य संमेलन डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या अध्यक्षतेखाली याच शहरात भरले.

कोठीच्या चौकात आता चाट, मिरची भजी आणि कुल्फी खाणाऱ्यांची दाटी असते. २५ ऑगस्ट २००७ च्या संध्याकाळी इथल्या गोकुळ चाटच्या गर्दीत बॉम्ब फुटला. त्याच वेळी लुंबिनी पार्कमध्येही स्फोट झाला. दोन्ही मिळून बेचाळीस माणसे गेली. काही दिवसांनी लोक पुन्हा त्याच जागी उभे राहून खाऊ लागले. याला कुणी बेफिकिरी म्हणेल. मला ते शहराचे धैर्य वाटते.

इथून मोअज्जमजाही मार्केटपर्यंत रस्त्यावर डोशाच्या बंड्या लागतात. गाड्याला ‘बंडी’ म्हणणे आपल्यालाही परके नाही. लोण्यात भिजलेला डोसा आणि तव्यावरची तिखट इडली पाहून तरुण मंडळी ती मद्रासकडची मानतात. त्यांना सांगावेसे वाटते की इडलीचा फार जुना उल्लेख ‘वड्डाराधने’ या कन्नड ग्रंथात सुमारे ९२० सालचा आहे. तो राष्ट्रकूटांचा काळ, आणि राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट म्हणजे आपल्या कलबुर्गी जिल्ह्यातले मळखेड. पुढे कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आपल्या बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. त्यात उडदाची ‘इडरिका’ आहे, ‘धोसक’ आहे, वडे आहेत. त्याच ग्रंथात मराठीच्या अगदी सुरुवातीच्या काळातल्या पद्यपंक्तीही आहेत. आपल्या मुलांना हैदराबादचा बंडीवाला ठाऊक असतो, पण त्याच्या तव्याची वंशावळ बसवकल्याणात आहे हे त्यांना कुणी सांगत नाही.

मार्केटची दगडी इमारत १९३५ ची, निजामाच्या धाकट्या शाहजाद्याच्या नावाची. तिच्याजवळ १९५३ मध्ये फाळणीत घर सोडून आलेल्या एका सिंधी गृहस्थांनी कराची बेकरी काढली. त्या नावावरून २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये वाद झाले. माझ्या मते त्या पाटीत राजकारण नाही. सुटलेले गाव माणूस निदान दुकानाच्या नावात जपतो.

आता घोटांकडे येऊ. मानसोल्लासात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मदिरापानक्रीडा’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. म्हणजे मद्याच्या मैफली काही इंग्रजांनी शिकवल्या नाहीत. सतराव्या शतकाच्या मध्यास तावेर्निए हा फ्रेंच जवाहीर व्यापारी भागानगरात आला. तो लिहितो की संध्याकाळी ताडीची दुकाने उजळतात. ताडी कोसांवरून चामड्याच्या बुधल्यांत भरून घोड्यांवर येते. शहरात नोंदलेल्या गणिका वीस हजारांवर आहेत, आणि त्यांच्यामुळे ताडी खपते व राजाचा कर वाढतो, म्हणून त्यांना मोकळीक आहे. सरकारी तिजोरी आणि गुत्ता यांचे नाते इतके उघडपणे क्वचितच कुणी लिहिले असेल.

निजामाने तीच वाट पुढे नेली. अबकारी हे त्याच्या उत्पन्नाचे एक मोठे कलम होते. म्हणूनच १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात स्वामी रामानंद तीर्थांच्या अनुयायांनी शिंदीची झाडे तोडण्याचा सत्याग्रह केला. झाडावर राग नव्हता. झाडाच्या रसातून रझाकारांचा पगार निघत होता. आपल्या भागातल्या ज्या हातांनी त्या कुऱ्हाडी चालवल्या, त्यांतले बहुतेक आता या जगात नाहीत. शिंदी उतरवणारा मात्र गरीब माणूस. पहाटे कमरेला दोर बांधून चढायचे आणि मडके उतरवायचे. सकाळी रस गोड, दुपारपर्यंत आंबून मादक. राज्य कुणाचेही असो, पडला तर हाडे त्याचीच मोडतात.

सीमेवरच्या आपल्याला दारूबंदीचा खेळही जवळून पाहायला मिळाला. नेल्लोरच्या बायकांच्या आंदोलनानंतर आंध्रात १९९३ मध्ये अरक बंद झाला आणि १९९५ मध्ये संपूर्ण दारूबंदी आली. ती १९९७ पर्यंत टिकली. त्या दोन वर्षांत रविवारी आपल्या बाजूच्या रस्त्यांवर आंध्राच्या पाट्यांची वाहने किती दिसत, ते माझ्या वयाच्या प्रत्येकाला आठवत असेल. कर्नाटकाने २००७ मध्ये अरक बंद केला तेव्हा आपल्याकडचे काही पाय उलटे पलीकडे चालू लागले. हैदराबाद शहरातली शिंदीची दुकाने काही वर्षे बंद होती, ती २०१४ मध्ये नव्या तेलंगण सरकारने उघडली. आणि २०२५ च्या जुलैत कुकटपल्ली भागात भेसळीची शिंदी पिऊन माणसे मेली. झाडाचा रस कमी आणि गुंगीचे रसायन जास्त, असे ते पेय होते. मेलेले बहुतेक मजूर होते.

त्याच शहरात, मेट्रोने अर्ध्या तासावर, जुबिली हिल्सला कॉकटेलचे बार आहेत. मित्राच्या आग्रहाने मी एका ठिकाणी लिंबूपाणी घेऊन तासभर बसलो. पाटीवर चिंच, कढीपत्ता, गूळ, मिरे घातलेल्या पेयांची नावे होती आणि प्रत्येकाची किंमत आमच्या शिपायाच्या दिवसाच्या पगाराएवढी. मुले-मुली सभ्यपणे बसली होती, कुणी झिंगले नव्हते. त्यांना हे सारे परदेशी वाटत असावे. वास्तविक ‘पंच’ हे मिश्र मद्य हिंदुस्थानातच इंग्रजांच्या हाती लागले, आणि बहुतेक कोशकार ते नाव आपल्या ‘पाच’वरून आले असे मानतात. अरक, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला, असे ते पाच जिन्नस. बर्निएने बंगालच्या वर्णनात त्याची कृतीच दिली आहे. आपल्याकडून गेलेली वस्तू तीनशे वर्षांनी काचेच्या प्याल्यात परत आली, एवढेच. कुकटपल्लीचा मजूर आणि जुबिली हिल्सचा तरुण एकाच शहरात पितात, पण एकाच्या प्याल्यात काय आहे ते पाटीवर लिहिलेले असते आणि दुसऱ्याच्या प्याल्यात काय होते ते शवविच्छेदनानंतर कळते. इतिहासाच्या शिक्षकाने हा फरक नोंदवून ठेवला पाहिजे.

एवढी पायपीट कशासाठी, असे वाचक विचारतील. त्याचे कारण १९५६ मध्ये आहे. त्या वर्षी आपल्या जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा मराठी मुलखात गेले, जहिराबाद आणि नारायणखेड तेलुगू मुलखात, आणि उरलेला बीदर म्हैसूर राज्यात आला. गुलबर्ग्याचे तांडूर आणि कोडंगल पलीकडे गेले. मामाचे गाव एका राज्यात, बहिणीचे दुसऱ्यात आणि आपले तिसऱ्यात झाले. तरी आपल्या पत्त्यात ‘हैदराबाद-कर्नाटक’ हा शब्द उरला होता. २०१९ मध्ये त्याचे ‘कल्याण-कर्नाटक’ झाले. कल्याण हे आपलेच थोर नाव आहे आणि बसवेश्वरांच्या भूमीला ते शोभतेही. पण त्याबरोबर पत्त्यातली राजधानीची शेवटची खूण गेली, हेही खरे.

मी मुख्याध्यापक आहे. मराठी माध्यमाचा आठवीचा वर्ग दरवर्षी थोडा रिकामा होताना पाहतो. पालक येतात, ‘‘सर, मराठी शिकून पोराला काय मिळणार?’’ म्हणतात, आणि दाखला मागतात. त्यांना दोष देता येत नाही. सीमाप्रश्नावर आपण अर्ज केले, मोर्चे काढले, महाजन आयोगाच्या अहवालावर वाद घातले. ते सारे आपापल्या जागी योग्यच होते. पण इराणी हॉटेलातल्या त्या ‘नक्को’ने मला वेगळा विचार करायला लावले. ज्या शहरात मराठीला सत्ता नव्हती, तिथेही ती शेकडो वर्षे टिकली ती तोंडातोंडी, रोजच्या देण्याघेण्यात. आपण मात्र तिला दिवाळी अंकापुरती, शाळेपुरती आणि सभेपुरती ठेवू लागलो आहोत. हॉटेलात चहा मागताना आपण हिंदी बोलतो, भाजी घेताना कन्नड, मुलाला रागावताना इंग्रजी. कन्नड तर आपल्याला यायलाच हवी. ती या भूमीची भाषा आहे. पण बाकीच्या जागी मराठी बोलायला कुणाची मनाई आहे?

म्हणून मी वर्गात मुलांना एक काम दिले आहे. आपल्या गावच्या आठवडी बाजारात पायी फिरायचे, जो पदार्थ दिसेल त्याचे नाव मराठीत विचारायचे आणि तो कुठून आला, कुणी आणला ते वहीत लिहायचे. सुशीला, हुग्गी, शेंगाची चटणी, खारा, जे मिळेल ते. पहिल्या आठवड्यात तेरा वह्या आल्या. एका मुलीने लिहिले आहे की तिच्या आजीच्या तोंडून भज्यांची तीन नावे निघाली, तीन भाषांतली, आणि कोणते नाव आपले ते आजीला सांगता येईना. मी शेऱ्यात लिहिले, ‘तिन्ही आपलीच. पुढची नावे लिहीत जा.’